गडग्याबाहेरची जागा

हासाजी आला तो मागच्या दाराने, थेट स्वयंपाकघरात. गावच्या घरात तो असाच यायचा. बेर्शेबातल्या या सरकारी वसाहतीतल्या घराला पुढचंही दार आहे हे त्याच्या लक्षात आलं नसावं. रिव्काने त्याच्या हातातली पिशवी घेतली, तर ती चांगलीच जड लागली. आत दोन नारळ होते आणि जाडे पोहे.

"विमानात मांडीवर घेऊन बसलो होतो, वहिनी," तो म्हणाला. "बाजूची बाई विचारत होती, बाळ किती महिन्यांचं."

रिव्का हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

तू-बिश्वातचा दिवस होता, झाडांचा सण. पाणदरीत असते तर एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायला सगळी भावकी अंगणात जमली असती. इथे भावकी म्हणजे रिव्का, तिचा नवरा शालोम, मुलगी ओस्नात, सासू त्सिपोराबाई, तेल अविवचे धाकटे दीर आणि हा चुलत दीर हासाजी. पाणदरेकरांचं खटलं आधी मुंबईला, ठाण्याला आणि मग इथे येऊन पांगलं. गावात एकटा हासाजी राहिला होता. पडक्या घराचं जोतं, बंद पडलेला तेलाचा घाणा आणि डोंगराच्या पायथ्याचं कबरस्तान राखत. गेल्या महिन्यात तो किर्यात मलाखीला बहिणीकडे आला, इथे राहायला जमतं का ते बघायला. जमत नाही असं त्याने ठरवलं होतं. याच आठवड्यात परत निघायच्या आधी काकीशी आणि दोघा भावांशी त्याला एक बोलायचं होतं. काय ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

रिव्काला त्याचं काही वाटत नव्हतं. तिच्या जिवाला जो घोर लागला होता, त्याचं उत्तर यित्झहाक भावजी तेल अविवहून घेऊन येणार होते.

यित्झहाक दुपारच्या बसने आला. कोट, टाय, हातात चामड्याची बॅग. मुंबईत रेल्वेच्या हेड ऑफिसात तो आयझॅक होता, इथे विमानतळावर उतरल्या दिवशीच यित्झहाक झाला, आणि घरात त्याची आई त्याला अजून इसाजीच म्हणे. आईच्या हाताला हात लावून त्याने बोटं ओठांना टेकवली आणि बसायच्या आतच म्हणाला, "काम झालं. गुरुवारी सकाळी. मी स्वतः साक्षीला उभा राहणार."

"कसली साक्ष?" शालोमने विचारलं. तो नुकताच चिनी मातीच्या कारखान्यातून आला होता, कानामागे पांढरी भुकटी तशीच होती.

"दादा, तुला माहीत आहे कसली."

माहीत सगळ्यांनाच होतं. दोन वर्षं झाली, नियम निघाला होता. बेने इस्राएलच्या, म्हणजे त्यांच्यासारख्या मराठी यहुद्यांच्या मुलामुलीला जमातीबाहेरच्या यहुद्याशी लग्न करायचं असेल, तर लग्नं लावणाऱ्या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या ऑफिसात चौकशी व्हायची. यहुदीपण आईकडून येतं, म्हणून आई कोण, आईची आई कोण, तिची आई कोण, जाता येईल तितकं मागे जायचं. ओस्नातचं लग्न मिखाएलशी ठरलं होतं. ती इथल्या हॉस्पिटलात नर्स, तो तिथेच लॅबोरेटरीत. रोमानियातून आईबरोबर आलेला, अबोल, भला मुलगा. पेसाखच्या सणानंतर लग्न करायचं होतं. गेल्या सहा महिन्यांत या घरात दुसरा विषय निघाला नव्हता.

"माझी मुलगी चौकशीला जाणार नाही," शालोम म्हणाला. "आम्ही रस्त्यावर धरणं धरून बसतो ते कशासाठी? तो पोलंडवाला आला, त्याला कुणी विचारलं नाही. मोरोक्कोवाला आला, त्यालाही नाही. आम्हालाच का?"

"तुमच्या बसण्याने कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर पोरीने म्हातारं व्हायचं?"

"इसाजी," त्सिपोराबाई म्हणाल्या, "हातपाय धू. आधी मलिदा."

मलिद्याचं ताट रिव्काने भरलं. भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वेलची, वर खजूर, केळी, सफरचंदाच्या फोडी. गुलाब मिळाला नव्हता, म्हणून ओस्नातने हॉस्पिटलच्या आवारातून बदामाची फुललेली डहाळी तोडून आणली होती. शालोमने प्रार्थना म्हटली. एलियाहू हन्नावीचं गाणं सगळ्यांनी गायलं आणि हासाजीचा गावठी, मोकळा आवाज त्या लहान खोलीत मावेना. तेवढ्या वेळापुरतं घरातलं वितुष्ट कुठे तरी बाहेर उभं राहिलं. मग ताटं फिरली आणि हासाजीने घसा साफ केला.

"काकी, मला बुद्धवाडीने पाठवलंय."

"कुठल्या वाडीने?"

"आपल्या गावच्याच. तुम्ही महारवाडा म्हणायचात. आता तसं म्हणत नाहीत. छप्पन साली सगळी वाडी बौद्ध झाली. गमरे मास्तर म्हणून आहेत शाळेत, सगळं तेच बघतात. गोष्ट लेण्यांची आहे."

लेणी सगळ्यांना ठाऊक होती. पाणदरीच्या डोंगराच्या छातीवर दगडात कोरलेल्या त्या नऊ खोल्या, मधल्या मोठ्या खोलीतला गोल स्तूप, आणि बाजूचं पाण्याचं टाकं, जे भर उन्हाळ्यातही आटत नसे. गाव त्यांना पांडवांची घरं म्हणे. शालोमचं लहानपण तिथे गुरं शोधण्यात गेलं होतं.

"ती बुद्धाच्या भिक्षूंची होती," हासाजी म्हणाला. "दोन हजार वर्षांची. सरकारचे लोक आले, मापं घेऊन गेले, निळा बोर्ड लावला. आणि वैशाख पौर्णिमेला आता जत्रा भरते, काकी. मुंबईहून, महाडहून, खेडहून बसगाड्या येतात. मागच्या साली हजारभर माणूस होतं. वर जायला वाट कुठली? तीच निसरडी घळ. त्याच जत्रेला एक बाई पडली. सात महिन्यांची पोटुशी होती. खाली आणली तोवर गेली."

ओस्नातने हातातला घास ताटात ठेवला.

"सरकार म्हणतं, पायऱ्या बांधतो, कठडा लावतो, पायथ्याला पाणी आणि उतरायला पडवी बांधतो. पण पायथ्याला जागा द्या. नाही तर वर जाळी मारून लेणी बंद करतो. आणि पायथ्याची जागा," हासाजीने हात जोडल्यासारखे केले, "पायथ्याची जागा पाणदरेकरांची."

यित्झहाकने ताट बाजूला सारलं. "म्हणजे बुद्धाच्या देवळाला आपण जागा द्यायची."

"देऊळ नाही रे, वाट."

"देवळाची वाट. हासाजी, तू आलास कुठल्या वेळी ते तरी बघ. इथे आम्हाला यहुदी मानायला तयार नाहीत. म्हणतात, हे लोक हिंदुस्थानात मूर्तिपूजकांत राहिले, कोणात मिसळले असतील काय ठाऊक. आणि गुरुवारी मी तिथे उभा राहणार, शुक्रवारी कुणी तरी सांगणार की याच घराने मूर्तीला जमीन दिली."

"स्तूप म्हणजे मूर्ती नाही."

"ते तू रब्बींना समजाव."

"खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाची चाकं उमटली म्हणून आपण नारळ घेऊन जायचो," त्सिपोराबाई हळूच म्हणाल्या. "गाव आपल्याला वाट द्यायचं."

"आई, ते वेगळं."

"असेल."

रिव्का चहा करायला उठली. स्वयंपाकघराला दार नव्हतं, पडदा होता. ऐकू सगळं येत होतं. रॉकेलच्या स्टोव्हवर तिने पाणी ठेवलं. मुलीच्या लग्नापुढे तिला कुठल्या डोंगराची पर्वा नव्हती, आणि भावजींचं बोलणं तिला पटतही होतं. गुरुवार नीट पार पडू दे, एवढंच तिला हवं होतं.

बाहेर शालोम विचारत होता, "नेमकी कुठली जागा मागतात?"

"डोंगराला दोनच ठिकाणी हात घालता येतो," हासाजी म्हणाला. "एक, आपल्या घराच्या जोत्यावरून, घाण्याच्या अंगणातून. तिथून चढ सोपा आहे. दुसरी, कबरस्तानाच्या अंगाने."

"घाण्याचं अंगण देता येणार नाही," यित्झहाक ताडकन म्हणाला. "तोच तर पुरावा आहे. चौकटीच्या दगडावर मेझुझाची, धर्मवचनाच्या डबीची खाच अजून असेल. घाणा आहे. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं. त्याचे फोटो मागवतोय मी. ते जोतं उखडून पायऱ्या केल्या तर दाखवू काय?"

"मग कबरस्तान?" शालोमचा आवाज चढला. "बाबा आहेत तिथे."

"कबरस्तान नाही म्हणत मी. आतल्या कबरींवर हिब्रू अक्षरं आहेत, त्या तर सोन्यासारख्या जपायला हव्यात. पण गडग्याच्या बाहेर एक पट्टा आहे की नाही? करवंदीच्या बाजूला. तो द्या. तिथे काय आहे? नुसते धोंडे. ना नाव, ना अक्षर."

पडद्यामागे रिव्काचा हात कपावरच राहिला.

गडग्याबाहेर तिची आजी होती. आईची आई, जेरुशा. पाणदरीच्या कबरस्तानाला दगडांच्या रचीव गडग्याने वेढलं होतं. त्याच्या आत गोरे इस्राएल पुरत, बाहेर काळे. रंगाशी त्याचा काही संबंध नव्हता. जेरुशा या घरातल्या कितीतरी जणींपेक्षा उजळ होती. पण तिची आई इस्राएल नव्हती, शेतावरची कुळवाडी बाई होती, असं म्हणत. कोण म्हणत, कशावरून म्हणत, ते कुणी कधी विचारलं नाही. म्हणत, एवढं पुरे होतं. सिनेगॉगमध्ये त्यांना मागे बसवत, ताटाला ताट लागू देत नसत. रिव्काला शालोमने मुंबईत पाहिलं आणि हट्टाने केली. त्सिपोराबाईंनी आधी माणूस पाठवून चौकशी केली होती. लग्नानंतर पहिली दोन वर्षं रिव्काचं ताट वेगळ्या फळीवर असे. ओस्नात झाली, आणि त्यानंतर केव्हा तरी ते ताट मांडणीत मिसळलं. ते कुणी मिसळलं, का मिसळलं, ते विचारायची सोय नव्हती. या गोष्टीला या घरात तेवीस वर्षं वाचा फुटली नव्हती. ओस्नातला त्यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

ती शालोमच्या आवाजाची वाट बघत राहिली. तो बोलेल. जो माणूस रस्त्यावर बसून गळा सुकेपर्यंत ओरडतो, तो इथे नक्की बोलेल.

"तो पट्टा," शालोम जरा थांबून म्हणाला, "तो तसा मोकळाच आहे."

रिव्का पडदा सारून बाहेर आली. चहा आणायची तिला शुद्ध नव्हती.

"मोकळा कुठे आहे?" ती म्हणाली.

शालोमने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. यित्झहाक हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, गुरुवारचं ध्यानात ठेवा. तुमच्याच भल्याचं बोलतोय मी. त्या जागेचं नाव आपण जितकं कमी काढू तितकं बरं. वर पायऱ्या झाल्या, की कुणी तिथे काही शोधायला जाणार नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे तिथे काय आहे."

"मला ठाऊक आहे म्हणूनच सांगतोय."

ओस्नात एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. तिला मराठी सगळं कळे, बोलताना मात्र हिब्रूच तोंडात येई. "इमा, तिथे काय आहे?" तिने आईला विचारलं.

"काही नाही," शालोम म्हणाला.

"माझी आजी आहे," रिव्का म्हणाली. "जेरुशा. तिच्या दोन बहिणी आहेत. माझा एक मामा आहे, चार महिन्यांचा. आम्ही काळे इस्राएल. आम्हाला आत जागा नव्हती."

"मा जे काळे?" ओस्नातने विचारलं. काळे म्हणजे काय, हे सांगायला एकही जण पुढे येईना, तेव्हा रिव्कानेच सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. ती बोलत असताना त्सिपोराबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. बाहेर वाळवंटाचा पिवळा वारा सुटला होता आणि शेजारणीची दोरीवरची चादर गिरक्या घेत होती.

"म्हणजे रब्बी जे विचारतात," ओस्नात सावकाश, एकेक मराठी शब्द शोधत म्हणाली, "ते तुम्ही आधीच इमाला विचारलंत?"

"हे बघ," यित्झहाक तिच्याजवळ सरकला. त्याच्या आवाजात खरंच माया होती. "गुरुवारी तुला काही बोलायचं नाही. मी सांगेन, आईचं घराणं आमच्याच भावकीतलं, सगळे एकाच कबरस्तानात आहेत. ते खोटंही नाही. गडगा मी सांगणार नाही, इतकंच. तुझं लग्न होईल."

"आणि तुम्ही?" रिव्का नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही रस्त्यावर पाटी घेऊन बसता, आमची चौकशी करू नका म्हणून. मी डबा भरून देते तुम्हाला. ती पाटी कोणासाठी होती? गडग्याच्या आतल्यांसाठी?"

शालोमचा चेहरा उतरला. रागावेल असं तिला वाटलं होतं. तो रागावला नाही, हात पुसत राहिला. हात कोरडेच होते.

"एक सांगू का," हासाजी इतका वेळ अवघडून बसला होता, तो म्हणाला. "इंजिनियरने पहिली रेघ त्याच पट्ट्यावरून मारली होती. तो म्हणाला, इथे नुसते धोंडे आहेत. गमरे मास्तरांनी त्याला थांबवलं. म्हणाले, साहेब, तिथे माणसं आहेत, मालकांना विचारल्याशिवाय फावडं लावू देणार नाही. दरवर्षी पाऊस सरला की वाडीची पोरं कबरस्तान साफ करतात, चुना मारतात. आतले, बाहेरचे, सगळे दगड. त्यांच्यात कोण गोरा आणि कोण काळा ते त्यांना कुठे माहीत? मी पण कधी सांगितलं नाही. लाज वाटली."

यित्झहाक उठला. "ही भावना ठीक आहे. पण मी स्पष्ट सांगतो. जोतं द्यायला माझा नकार आहे. दोघा भावांचं आहे ते, एकाचा नकार पुरेसा आहे. पट्टा द्या, नाही तर काहीच देऊ नका."

"जोतं दोघा भावांचं नाही," त्सिपोराबाई म्हणाल्या.

सगळे वळले. म्हातारी खुर्चीत ताठ बसली होती. सत्तरी उलटली तरी तिच्या पाठीला बाक नव्हता.

"घर आणि घाण्याचं अंगण मामंजींनी माझ्या नावाने केलं. तुझे बाबा मुंबईला गेले, मी एकटीने सहा वर्षं घाणा चालवला, तेव्हा. हासाजीला माहीत आहे."

हासाजीने मान हलवली.

"तर ते मी देते. वाट अंगणातून काढा. जोतं जाऊ दे."

"आई, पुरावा जाईल."

"कशाचा पुरावा, इसाजी? मी शनिवारी घाणा बंद ठेवायची, ते मी. दगड ठेवत नव्हते." त्यांनी पदर सावरला. "आणि हासाजी, पायऱ्यांना दगड लागेल."

"लागेल ना, काकी. खाणीतून आणणार म्हणतात."

"खाण कशाला? गडगा आहे. चांगला काळा, घडीव दगड आहे. तो काढा आणि पायऱ्यांना लावा. सगळा. बाहेरून एकच कुंपण घाला, करवंदीच्याही पलीकडून."

रिव्काला आपण उभ्या आहोत याचं भान राहिलं नव्हतं. सासू तिच्याकडे बघत नव्हती. तेवीस वर्षांत या बाईने तिला एकदाही जवळ घेतलं नव्हतं, आजही घेतलं नाही. फक्त म्हणाली, "रिव्का, चहाचं पाणी आटलं असेल."

आटलंच होतं. तिने भांडं उतरवलं, नवीन पाणी ठेवलं, आणि पडद्याआड भिंतीला टेकून तोंडात पदराचा बोळा धरून रडली.

बाहेर यित्झहाक बॅग उचलत होता. "असं असेल तर गुरुवारी माझी साक्ष धरू नका. तुम्ही हे सगळं बोलणार आणि मी खोटा पडणार. तेल अविवला माझी काही इज्जत आहे."

"येऊ नकोस," त्याची आई म्हणाली. "चहा घेऊन जा."

तो चहा न घेता गेला. शालोम त्याला बस-स्टॉपपर्यंत पोचवायला गेला आणि बऱ्याच वेळाने एकटा परत आला. तो काय बोलला, भाऊ काय बोलला, ते त्याने सांगितलं नाही. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र घेतलं. ओस्नात आजीच्या शेजारची नेहमीची जागा सोडून आईच्या शेजारी बसली. म्हातारीने ते पाहिलं, आणि भाताचं पातेलं दोघींच्या पुढे सरकवलं.

निजताना शालोम अंधारात म्हणाला, "मी घाबरलो, रिव्का. वाटलं, तू त्या खोलीत बसशील आणि ते लोक तुला तेच विचारतील जे आम्ही विचारलं होतं. ते मला ऐकवलं नसतं."

"आता ऐका," ती म्हणाली. "गुरुवारी बरोबर चला."

हासाजी बुधवारी गेला. जाताना त्सिपोराबाईंनी त्याच्याजवळ गमरे मास्तरांसाठी निरोप दिला की वाट खुशाल काढा, आणि जत्रेत पडलेल्या बाईच्या माणसांना सांगा, आम्हाला कळलं. "परत कशाला जातोस?" असं रिव्काने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गडगा उतरवताना आपलं कुणी तरी उभं पाहिजे ना."

गुरुवारी ते चौघं गेले. ओस्नात, मिखाएल, शालोम आणि रिव्का. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली होती. टेबलामागे पांढऱ्या दाढीचा गृहस्थ, डोळ्यांखाली निळसर पिशव्या, हिब्रू बोलायचा पण उच्चार युरोपातले. रिव्काने तीन रात्री ज्याची धास्ती घेतली होती तो माणूस असा दमलेला, सर्दी झालेला असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती दाराकडे सारखी बघत होती. यित्झहाक आला नाही.

टेबलामागच्या गृहस्थाने मिखाएलचं नाव, आईचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. आजीचं विचारलं नाही. मग ओस्नातकडे वळला. आईचं नाव, आईच्या आईचं नाव, तिच्या आईचं नाव.

रिव्काचं हिब्रू बाजारापुरतं होतं. ओस्नातने भाषांतर केलं. "माझी आजी जेरुशा, गाव पाणदरी," रिव्का म्हणाली. "तिची आई कोण होती, ते मला माहीत नाही. लोक काही म्हणायचे. खरं काय ते सांगणारं आता कुणी नाही. पण आजी शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावायची, ते मी पाहिलंय, आणि माझ्या आईने लावला, आणि मी लावते."

ओस्नातने ते सगळं सांगितलं, लोक म्हणायचे तेही. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. गृहस्थाने पेन खाली ठेवलं.

"हे सांगायची तुम्हाला गरज नव्हती," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलंत," ओस्नात म्हणाली. मग तिने विचारलं, उद्धटपणे नव्हे, नर्स रोग्याला विचारते तसं, "तुमच्या आजीच्या आईचं नाव काय होतं?"

म्हाताऱ्याने रुमालाने नाक पुसलं.

"माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "आजीपर्यंत येतात नावं. त्यामागची माझ्या मोठ्या भावाला यायची. आमचं गाव महायुद्धानंतर राहिलं नाही. कबरस्तानही नाही, त्याचे दगड रस्त्याला लावले, असं कळलं."

"मग तुमचं लग्न इथे कसं झालं?"

"मला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला.

त्याने कागद मिटले आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. "पण मला सही करता येणार नाही, मुली. मला तसे हुकूम आहेत. वर पाठवतो. वर्ष लागेल, जास्तही लागेल."

ते बाहेर आले. ऊन पडलं होतं, पण वारा अंगाला झोंबत होता. ओस्नात पायरीवर उभी राहून मिखाएलला म्हणाली की त्याने आता मोकळं व्हावं, ती समजून घेईल. मिखाएलने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जेवायला घरी जायचं की बाजारात. मग ती रडली. इतका वेळ ती रडली नव्हती.

शालोम रिव्काजवळ आला. रविवारी यरुशलेमला जमातीची माणसं सरकारी कचेरीसमोर बसणार होती. तो जाणार होता.

"मी पण येते," रिव्का म्हणाली.

"बायका फारशा नसतात."

"आईंनाही विचारते. त्या येतील."

"तिथे माईक असतो. प्रत्येकाने थोडं बोलायचं असतं. आपले लोकच समोर असतील, रिव्का. आतले. आज बोललीस ते त्यांच्यासमोर बोलशील?"

"त्यांच्यासमोरच बोलायचंय," ती म्हणाली, आणि मुलगी आणि जावई ज्या दिशेने चालू लागले होते तिकडे निघाली.